अजून किती दिवस?

पैसे नाहीत, हे कारण आमच्या कन्यारत्नाला पटतच नाही. "मग मोबाईलवरून दे ना!" तिचंही बरोबरच आहे म्हणा. यूपीआय २०१६ साली आलं तेव्हा बाईसाहेब जेमतेम रांगत होत्या. नोट मोडली, सुट्टे उरले, पाकीट रिकामं झालं... यातलं तिने काही पाहिलेलंच नाही. पैसे संपतात हे तिला दिसणार कसं?

आम्हाला मात्र ते दिसायचं. बाबा लालबागला गिरणीत होते. पगाराच्या दिवशी आई आम्हा भावंडांसमोर पैशांच्या पुड्या बांधायची. वाण्याची वेगळी, भाड्याची वेगळी, शाळेची वेगळी, भिशीची वेगळी. एका पुडीतले पैसे दुसरीत जायचे नाहीत. रात्री सगळा खर्च वहीत, अगदी कोथिंबिरीच्या जुडीसकट!

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार संपात होते. पगारच थांबला, तिथे काटकसर किती पुरणार? भिशीचे पैसे संपले, आईच्या पाटल्या गेल्या, मग ती एका खाणावळीत चपात्या लाटायला जाऊ लागली. त्या महिन्यांची पानंही वहीत आहेत. जमेची बाजू जवळजवळ कोरी, पण लिहिणं एक दिवसही चुकलेलं नाही.

काटकसरीने संसार तरला, असं आई कधीच म्हणत नाही. ती म्हणते, "वहीमुळे एवढंच कळायचं, अजून किती दिवस निघतील ते. मग घाबरायला कमी व्हायचं."

मला वाटतं, मुलांना शिकवायचं ते हेच. नुसतं 'पैसे साठव' नाही, तर किती उरलेत ते बघायची सवय.

म्हणून आता लेकीला दर रविवारी खाऊचे पैसे रोख मिळतात. पुड्या तीन : खर्च, साठवण आणि दुसऱ्यासाठी. वही आजी तपासते. साठवणीतून वीस रुपये 'उसने' घ्यायचा अर्ज आला होता, आजीने तो तत्काळ फेटाळला! दहा वर्षं पूर्ण झाल्यावर मुलांना पोस्टात स्वतःच्या नावाने बचत खातं उघडता येतं, ५०० रुपयांपासून. साठवणीची पुडी आता तिकडे निघाली आहे.

परवा लेकीने मलाच विचारलं, "तुझी वही कुठाय?"

घेतली बाबा एक. तुमच्याकडे आहे का अशी जुनी वही? असेल तर मुलांना जरूर दाखवा.