कॉक

मोटारसायकल सुरू कशी करावी हे शिकवणारे जगात पैशाला पासरी मिळतात. ती बंद कशी करावी हे शिकवणारा मला एकच भेटला, आणि तो दुर्दैवाने माझा बाप होता.

किक मारताना पाय कसा ठेवावा, चोक कधी ओढावा यावर नाक्यावरचा पानवालासुद्धा प्रवचन देतो. बंद करण्याबद्दल मात्र समस्त जनतेची समजूत अशी, की किल्ली फिरवली, संपलं. अण्णांच्या मते चालत्या इंजिनाची किल्ली फिरवणं म्हणजे बोलणाऱ्या माणसाच्या तोंडावर हात ठेवणं. आणि त्याआधी दोनदा 'घर्रर्र, घर्रर्र' करून मग किल्ली फिरवणारे तर त्यांच्या लेखी माणसातच जमा नव्हते. "उठताना पानात आणखी भात वाढून घेणारी जात," असं ते म्हणत.

आमची राजदूत होती. १७५ सी.सी., दोन स्ट्रोकची, १९७८ साली घेतलेली. 'बॉबी'त ऋषी कपूरने चालवली ती राजदूतच; पण ती चणीने लहान आणि तिच्या मागच्या सीटवर डिंपल. आमची मोठी, आणि मागच्या सीटवर रॉकेलचा डबा. अण्णा उरणच्या एका कचेरीत कारकून होते आणि आमचं घर मोरा बंदरात. संध्याकाळी घर जवळ आलं, की ते डाव्या हाताने टाकीखाली चाचपून पेट्रोलचा कॉक बंद करत. मग कार्ब्युरेटरच्या वाटीत उरलेल्या घोटभर पेट्रोलवर गाडी पुढे येई. वाटी रिकामी होत आली, की हवा जास्त आणि पेट्रोल कमी असं होऊन इंजिनाचा सूर एकदम चढे, आणि पुढच्याच क्षणी तुळशीवृंदावनासमोर ते आपण होऊन शांत होई. वीतभर अलीकडे नाही, वीतभर पलीकडे नाही.

ही विद्या ते लाँचकडून शिकले होते. भाऊच्या धक्क्यावरून येणारी लाँच मोऱ्याला लागताना तुम्ही पाहिली असेल. वर सारंग घंटीची दोरी ओढतो, खाली इंजिनवाला इंजिन सोडतो, आणि ते एवढं मोठं लाकडी धूड नुसत्या आपल्या वेगावर धक्क्याला अलगद येऊन टेकतं. (ओहोटीला गाळामुळे काय होतं ते विचारू नका. तो वेगळा निबंध आहे.) "बघ, धक्क्यावर येऊन ब्रेक मारतोय का तो?" अण्णा विचारायचे. लाँचला ब्रेक नसतो, हे मी एकदा सांगून पाहिलं. पुन्हा सांगितलं नाही.

उरणच्या आमच्या मेस्त्रीला हे साफ नापसंत होतं. त्याचं म्हणणं असं, की या गाडीचं ऑइल पेट्रोलातच मिसळलेलं. पेट्रोल तोडलंत की ऑइलही तुटलं, शेवटची दोनशे पावलं बिचारा पिस्टन कोरडा धावतो. अण्णांचं उत्तर तयार असे : कॉक उघडा ठेवला तर वाटीतली सुई रात्रभर गळते, प्लग ओला होतो, आणि सकाळी किक मारून मारून माणसाचा पिस्टन कोरडा होतो. दोघांचंही बरोबर होतं. म्हणूनच हा वाद अठरा वर्षं चालला.

आता हे सगळं कालबाह्य झालं म्हणा. २०२० नंतरच्या गाड्यांत इंधन पंपाने आणि कॉम्प्युटरच्या हुकमाने जातं. कॉक नाही, वाटी नाही. हँडलवर एक लाल बटण असतं. आमच्या चिरंजीवांनी परवा त्याच बटणाने गाडी बंद केली, किल्ली तशीच ठेवली आणि झोपले. दिवा रात्रभर घरच्या भिंतीला प्रकाश देत राहिला. सकाळी बॅटरी गार. मी काही बोललो नाही. २०२४च्या जानेवारीत एकाच दिवशी अटल सेतू आणि उरणची रेल्वे सुरू झाली, तेव्हापासून मी तसाही कमीच बोलतो.

अण्णांना मोतीबिंदू झाला १९९६ साली. गाडी सोडा, हे त्यांना सांगायचं कोणी यावर घरात गुप्त बैठका झाल्या. आई म्हणाली, "मी नाही बाई." मी म्हणालो, "बघू." ही आमच्या घराण्यातली नकार देण्याची पद्धत. सांगायची वेळच आली नाही. एका संध्याकाळी राजदूत वृंदावनासमोर आली आणि थांबलीच नाही. तशीच फटफटत शेजारच्यांच्या जाळ्यांपर्यंत गेली. कॉक फिरवायचा राहिला होता, की हाताला सापडला नव्हता, कोण जाणे. अण्णांनी किल्ली फिरवली. आवाज कचकन तुटला. ते गाडी ढकलत मागे आले, किल्ली माझ्या हातात दिली आणि पाय धुवायला गेले. त्या दिवशी चहा झाला नाही. सूर चढला की आई आधण ठेवायची. सूर चढलाच नव्हता, तर ते आलेत हे स्वयंपाकघरात कळणार कसं?

गाडी मग माझ्याकडे आली. बापाची विद्या पोराला यायलाच हवी, म्हणून मीही वडापाशी कॉक बंद करू लागलो. पहिल्या दिवशी कोळीवाड्याच्या तोंडाशीच सूर चढला आणि गाडी गप्प. सुकट पाखडणारी एक म्हातारी म्हणाली, "काय रं, गारी बंद परली?" मी म्हटलं, "बंद पडली नाही, बंद केली." तिने सूप खाली ठेवून माझ्याकडे नीट पाहिलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तिने विचारणंही सोडलं.

अण्णा ओटीवर काळा चष्मा लावून बसलेले असत. मी घामाघूम होऊन गाडी ढकलत आत आणली की ते फक्त खाकरत. आठवड्याने आई चहाचा कप माझ्या हातात देत हळूच म्हणाली, "अरे, तू वडापाशी करतोस. ते हौदापाशी करायचे. हौद गेला की मग हळूच."

जन्मात जी त्या गाडीवर तीनदा बसली असेल, तिच्याकडे मी बघतच राहिलो.

"आणि उद्या जरा लवकर ये," ती म्हणाली, "हे चार वाजल्यापासून कान लावून बसतात."