सिल्लेवानीचा चढ

नागपूरहून सावनेरला पोहोचले म्हणजे रस्त्यास दोन फाटे फुटतात. एक पांढुर्ण्यावरून मुलताईकडे, तापीच्या उगमाकडे जातो; दुसरा सौंसर, रामाकोन्यावरून छिंदवाड्यास. दोन्ही वाटांना शेवटी सातपुडा चढावाच लागतो. हा सारा मुलूख मध्य प्रदेशातला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतरही तो तिकडेच राहिला. पण घराघरांतून आणि आठवडी बाजारातून मराठीच कानी पडते. २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके वेगळे काढून पांढुर्ण्याचा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला.

गेल्या हिवाळ्यात आम्हांस पांढुर्ण्याहून छिंदवाड्यास जावयाचे होते. एका परिचित तरुण शेतकऱ्याने आपल्या जुन्या डिझेल जीपमधून नेण्याचे कबूल केले. जामनदीचे पात्र मागे पडले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ह्याच पात्रात पांढुर्णा व सावरगाव यांची गोटमार होते. पुढे दुतर्फा संत्र्यांच्या बागा लागल्या. आंबिया बहाराची फळे उतरविणे चालले होते आणि रस्त्याकडेला पिवळ्याधमक राशी पडल्या होत्या. जामसावळी, सौंसर, रामाकोना ही गावे जीपने सुखाने ओलांडली.

सिल्लेवानीचा घाट लागला आणि गाडीचा नूर पालटला. तिसऱ्यातून दुसऱ्या गिअरवर, दुसऱ्यातून पहिल्यावर. तरी वेग घटतच चालला. इंजिन आचके देऊ लागले. मागे भरलेला ट्रक होता. एका वळणापाशी गाडी कशीबशी कडेला घेतली, चाकांमागे दगड लावले आणि आम्ही खाली उतरलो.

आमचा सोबती काही वेळ बोलेनाच. मग म्हणाला, "फादर, एका गॅरेजवाल्यानं सांगितलं हाय, इंजिन उघडा लागते. पैसा कुठून आणू? बाग फुलावरच व्यापाऱ्याले देऊन टाकावी म्हन्तो." फुलावर बाग देणे म्हणजे फळ धरण्यापूर्वीच मिळेल त्या भावाने पीक विकणे. वर्षाची मेहनत आणि बहिणीच्या लग्नाची तजवीज त्या एका निर्णयात जाणार होती. आम्हांस यंत्रातले फारसे कळत नाही. तेव्हा धीराचे दोन शब्द बोलण्यापलीकडे आमच्याने काही झाले नाही.

पाव तास गेला. सहज किल्ली फिरविली तो इंजिन चालू झाले आणि गाडी अर्धा मैल नीट चढली. पुन्हा तेच आचके. तेव्हा उतारावरून परत फिरून सौंसर गाठले. तेथे बाजाराजवळ साठी उलटलेले एक मिस्त्री भेटले. त्यांनी हत्यारास हात लावण्यापूर्वी, चांगल्या वैद्याप्रमाणे, प्रश्नच पुष्कळ विचारले.

चढावर इंजिनाचा आवाज वाढतो आणि वेग मात्र वाढत नाही, असे होते काय? तसे असते तर क्लच घसरत आहे असे समजावे. तसे नव्हते. चाके हाताने चाचपली. एखादे फार तापले असते तर ब्रेक अडकला असता. तेही नव्हते. काळा धूर येतो काय? येत असता तर हवेची जाळी तुंबली असती. धूर नव्हता. उंचीमुळे हवा विरळ होते म्हणावे, तर हजार फुटांमागे शक्ती जेमतेम तीन टक्के घटते. एवढ्याने गाडी थांबत नाही. शेवटी त्यांनी विचारले, "थांबल्यावर पुन्हा चालते का?" होय, असे उत्तर मिळताच ते हसले. "भाऊ, इंजिनात दोष नाही. त्याले पोटभर खायाले भेटत नाही."

ह्यातील मर्म असे. सपाट रस्त्यावर इंजिनास थोडेच इंधन लागते. अर्धवट तुंबलेल्या गाळणीतूनही तेवढे मिळते. चढावर मागणी कितीतरी वाढते आणि तेथेच तूट उघडी पडते. टाकीतला गाळ ओढीने नळीच्या तोंडाशी येऊन बसतो. इंजिन बंद केले म्हणजे खाली पडतो. म्हणून विश्रांतीनंतर गाडी पुन्हा थोडी चालते. छाती कमजोर झाली असती, म्हणजे इंजिनातला दाब घटला असता, तर पाव तासाच्या विसाव्याने तो परत आला नसता.

गाळणी उघडली तो आत पाणी आणि तांबूस चिखल. मूळ कारण घरचेच निघाले: विहिरीवरच्या पंपासाठी शेतात ठेवलेल्या गंजक्या पिंपातले डिझेल जीपमध्ये ओतले जात असे. टाकी धुतली, नळीच्या तोंडाची जाळी साफ केली, नवी गाळणी बसविली आणि हातपंप मारून नळीतली हवा काढली. दोन तासांचे काम. इंजिन उघडावयाचे म्हटले होते, त्या खर्चाच्या मानाने बिल क्षुल्लक झाले.

हल्लीच्या गाड्यांत संगणक असतो. दोष होताच समोर दिवा लागतो आणि यंत्र लावून त्याचा क्रमांक वाचता येतो. पण इंधनाचा दाब कमी आहे, एवढेच तो क्रमांक सांगतो. गाळणी तुंबली की पंप थकला, हे माणसालाच शोधावे लागते. तेव्हा स्वस्त आणि सोपे ते आधी पाहावे, इंजिन उघडण्याची गोष्ट सर्वांत शेवटी. खर्च मोठा सांगितला तर आणखी एकास दाखविल्याशिवाय होकार देऊ नये.

सायंकाळी आम्ही पुन्हा सिल्लेवानी चढलो. सकाळच्या वळणावर आमचे दगड तसेच पडले होते. सोबत्याने गाडी थांबवून ते रस्त्यावरून दूर केले, हात झटकले आणि म्हणाला, "फादर, आता बाग आम्हीच उतरवू." छिंदवाड्याचे दिवे दिसेपर्यंत तो आईला हे कसे सांगावयाचे तेच बोलत होता.