लॅमिंग्टन रोडची एक दुपार

मे २०२४. मुलगी बारावीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती. तिची मागणी एकच होती, "पप्पा, मला गेमिंगचा कॉम्प्युटर हवा." घरात हे ऐकताच चुलत्यांनी कपाळाला हात लावला. पोरीला खेळायला एवढे पैसे? माझ्याही मनात तेच होते. पण तिने वहीचे पान पुढे केले. ज्या यंत्रावर खेळ चांगला चालतो, त्याच यंत्रावर घरांची, वस्तूंची त्रिमितीय चित्रे तयार करता येतात. त्यासाठी लागणारे 'ब्लेंडर' फुकट मिळते. तिला ते शिकायचे होते. पतपेढीचे तीस हजार कर्ज आणि सौ.च्या भिशीचे बारा हजार, असे ४२,००० रुपये जमवून आम्ही बापलेक निघालो.

दादरला गाडी बदलून पश्चिम रेल्वेची धीमी लोकल धरली, ग्रँट रोडला उतरलो. पूर्वेला बाहेर पडून थोडे चालले की लॅमिंग्टन रोड लागतो. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव या रस्त्याला होते. आता सरकारी नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण ते पाटीवरच राहिले. माझ्या पिढीला हा रस्ता माहीत आहे तो मिनर्व्हा टॉकीजमुळे. १९७५ साली लागलेला 'शोले' तिथे वर्षानुवर्षे चालला. आता मिनर्व्हा नाही. दुतर्फा कॉम्प्युटरचीच दुकाने. फूटपाथवर वायरी, चार्जर, रिमोट मांडलेले. हमाल डोक्यावर मॉनिटरची खोकी घेऊन "साइड, साइड" करीत जातात. रविवारी मात्र इथली बहुतेक दुकाने बंद असतात, म्हणून मी शनिवारी रजा टाकली होती.

पहिल्याच दुकानात काउंटरवरच्या गृहस्थाने आमच्या चपलांपासून पिशवीपर्यंत नजर फिरवली. म्हणाला, "काका, तुमच्या बजेटमध्ये एकदम भारी माल देतो. आय-सेव्हन, सोळा जीबी, ग्राफिक्स कार्डासकट चोवीस हजार." डबा लाल-निळ्या दिव्यांनी झगमगत होता. अठरा हजार वाचणार म्हणून माझा हात खिशाकडे गेला. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "दादा, आय-सेव्हन कितव्या पिढीचा?" त्याने तिच्याकडे न बघता मलाच उत्तर दिले, "तिसऱ्या. पण चालतो मस्त."

तिने मला बाहेर आणले. तिसऱ्या पिढीचा आय-सेव्हन म्हणजे २०१२ सालचा. तेव्हा ही बालवाडीत होती! नवे विंडोज ११ अशा प्रोसेसरसाठी अधिकृतपणे नाहीच, इंटेलची साधारण आठवी पिढी तरी लागते. विंडोज १० चा नेहमीचा आधार पुढे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपलाही. वरचे दिवे नवे, आतले डोके जुने. आमचे कर्ज फिटण्याआधीच यंत्र निकामी ठरले असते.

चहाच्या टपरीवर तिने मला सगळे समजावले आणि मी ते माझ्या कचेरीच्या भाषेत बसवले. प्रोसेसर म्हणजे काम करणारा कारकून. रॅम म्हणजे त्याचे टेबल. टेबल लहान तर फायली सारख्या उचला-ठेवा. एसएसडी म्हणजे फायलींचे कपाट. ग्राफिक्स कार्ड म्हणजे फक्त चित्रे काढणारा वेगळा माणूस. या माणसाचा पगार सर्वांत जास्त! म्हणून तिने तूर्त तो नेमायचाच नाही असे ठरवले होते. एएमडीचा 'रायझन ५ ५६००जी' हा सहा कोअरचा प्रोसेसर घ्यायचा. त्याच्या पोटातच ग्राफिक्स असते. साधे खेळ आणि शिकण्यापुरते काम त्यावर होते. पुढे पैसे आले की कार्ड बसवता येते. नावाच्या शेवटी 'एफ' असलेला इंटेलचा प्रोसेसर मात्र कार्डाविना पडद्यावर काहीच दाखवत नाही, हेही तिनेच सांगितले.

मग तीन दुकानांतून कोटेशन घेतले. तिसऱ्या दुकानदाराने सोळा जीबीची एकच रॅम लिहिली. मुलगी म्हणाली, "दादा, आठ-आठच्या दोन द्या. यात ग्राफिक्स रॅममधूनच चालते, दोन लावल्या की रस्ता रुंद होतो." तो माणूस हसला, खुर्ची पुढे सरकवली आणि त्यानंतर तिच्याशीच बोलू लागला. मी नुसता बाजूला उभा होतो. वीस वर्षे सभांमधून मुलींना पुढे आणा म्हणून भाषणे केली, आणि घरच्या मुलीला हे एवढे कळते, हे मला लॅमिंग्टन रोडवर समजले!

काटकसर कुठे केली? कॅबिनेट साधे, कीबोर्ड-माऊस साधा. पण एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, ८० प्लस प्रमाणपत्राचाच घेतला. हलका डबा जळाला तर बाकीचेही भाग घेऊन जातो. मॉनिटर आणि यूपीएस धरून ४१,६०० रुपये झाले. "बिलाशिवाय घेता का, स्वस्त पडेल," असेही एका दुकानात विचारले गेले होते. आम्ही १८ टक्के जीएसटीचे पक्के बिल घेतले, प्रत्येक भागाचा सिरियल नंबर त्यावर लिहून घेतला. वॉरंटीच्या वेळी हाच कागद कामी येतो.

वाचकांनी एक ध्यानात ठेवावे. हे भाव तेव्हाचे. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांनी मेमरी उचलली. तेव्हा आमचा आकडा धरून निघू नये, ताजी कोटेशन घ्यावीत. आणि मुलाला किंवा मुलीला सोबत न्यावे.

आता शनिवारी रात्री शेजारची पोरे आमच्याकडे खेळायला जमतात आणि बहुतेक वेळा हरून जातात. गेल्या दिवाळीत मुलीने आमच्या चाळीचे त्रिमितीय चित्र केले, जिना, नळ, गॅलरीतल्या दोऱ्यांसकट. कपाळाला हात लावणारे चुलते ते बघायला दोनदा येऊन गेले.