सोप्यातला समुद्र

घाटावरच्या बाईला समुद्र म्हणजे मे महिन्याच्या सुट्टीतली गोष्ट. दोन दिवस पाय भिजवायचे, शंख-शिंपले पिशवीत भरायचे आणि परत येऊन उन्हाळी कामाला लागायचं. समुद्र घरात आणून ठेवता येतो असं मला कुणी पूर्वी सांगितलं असतं, तर मी हसले असते. आज आमच्या मलकापूरच्या घरात, सोप्यातल्या खिडकीशेजारी, नव्वद लिटर समुद्र आहे. त्यात दोन नारिंगी मासे आणि एक कोळंबी सुखानं नांदते आहे. बघायला येणाऱ्या बायका हजार प्रश्न विचारतात. म्हटलं, एकदा सगळं लिहूनच काढावं.

हे खूळ निघालं ते सासूबाईंमुळे. त्यांचं माहेर मालवणचं. साठ वर्षांपूर्वी लग्न होऊन त्या घाट चढून वर आल्या. तीन वर्षांपूर्वी खुब्याचं हाड मोडलं, आणि डॉक्टरांनी सांगितलं की लांबचा प्रवास आता नको. रत्नागिरीचा किनारा आमच्यापासून जेमतेम ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर, पण मध्ये आंबा घाटाची वळणं. मालवण तर दूरच. दिवसभर खिडकीत बसून त्या रस्त्यावरच्या गाड्या मोजायच्या. माझे भिशीचे पैसे लागले होते, ते मी या कामी लावायचं ठरवलं. ह्यांचं म्हणणं, "मासे काय बघायचे असतात? खायचे असतात!" पण पैसे माझे होते, त्यामुळे वाद तिथंच मिटला.

गोड्या पाण्यातले मासे पाळणं आणि खाऱ्या पाण्यातले पाळणं यांत फरक आहे. समुद्र मोठा, म्हणून तिथलं पाणी सहसा बदलत नाही. त्यामुळे तिथल्या जिवांना बदलाची सवयच नसते. टाकी जितकी लहान, तितकं पाणी लवकर बिघडतं. नवशिक्यांनी हौसेनं अगदी छोटी टाकी घेऊ नये. आमची तीन फूट लांब, फूटभर रुंद आणि सव्वा फूट उंच आहे. काच आणि पाणी मिळून वजन शंभर किलोच्या वर जातं, तेव्हा साध्या टेबलावर ठेवायचा विचार करू नका. भक्कम मांडणी हवी आणि जमीन सपाट हवी.

आता मीठ. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही हं! समुद्राच्या पाण्यात मिठाबरोबर मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असं पुष्कळ काही असतं. मत्स्यालयासाठी तयार मिश्रण मिळतं, ते लिटरला साधारण ३५ ग्रॅम या हिशेबानं, क्लोरीन नसलेल्या शुद्ध पाण्यात आधी बादलीत विरघळवायचं. मग मोजायचं. डेअरीत दुधात लॅक्टोमीटर सोडतात ना, तसंच हायड्रोमीटर नावाचं साधन असतं. आकडा १.०२५ च्या आसपास हवा. गंमत बघा, दुधाची घनताही जवळपास तेवढीच, किंचित जास्त. आमच्या भागातल्या बायकांना हे मोजमाप काही नवीन नाही.

पाणी आटलं की वरून खारं पाणी घालायचं नाही. आमटी आटली तर खारट होते आणि आपण तीत साधं पाणी घालतो, तसंच इथं. मीठ उडून जात नाही, पाणीच तेवढं उडतं. म्हणून रोज तांब्याभर शुद्ध गोडं पाणी. अर्थात 'तांब्या' म्हटला तरी तो प्लॅस्टिकचा! तांब्या-पितळेचं भांडं या पाण्याला लावायचंच नाही. पाण्यात उतरलेला तांब्याचा अंश कोळंबीसारख्या जिवांना विष होतो. साबणाचे किंवा तेलाचे हात बुडवू नयेत, आणि मच्छर मारायचा फवारा त्या खोलीत मारू नये. हवेचा पंप खोलीतली हवाच आत ओढतो.

सगळ्यात कठीण भाग पुढेच आहे. टाकी भरली, दगड रचले, पंप सुरू केला, की मासे सोडायचे नाहीत. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो, आणि तो माशांना मारक असतो. एका जातीचे सूक्ष्म जीव त्याचं नायट्राइट करतात. तेही वाईटच. दुसऱ्या जातीचे जीव त्याचं नायट्रेट करतात, ते थोडं असेल तर चालतं. हे दोन्ही जीव दगडांच्या छिद्रांत वस्ती करेपर्यंत चार-सहा आठवडे जातात. दुधाला विरजण लावून ठेवतो ना, तसं समजा. झाकण सारखं उघडून बघितलं म्हणून दही लवकर लागत नाही. मी रोज चिमूटभर मासळीखाद्य रिकाम्या टाकीत टाकत होते आणि तपासणीच्या संचानं पाण्याचा रंग बघत होते. शेजारच्या वहिनी रोज विचारायच्या, "काय हो, मासे दिसत नाहीत ते?" सासूबाई शांतपणे सांगायच्या, "दगडांना जेवायला घालतेय."

पाच आठवड्यांनी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, तेव्हा मासे आणले. क्लाऊन फिश, म्हणजे विदूषक मासा. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे. हे मासे समुद्रातून पकडलेले न घेता पैदास केंद्रातले घ्यावेत. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेनं विळिंजम आणि मंडपम इथं त्यांची पैदास करून दाखवली आहे. असे मासे टाकीला सरावलेले असतात. शिवाय एक मजेची गोष्ट! हे सगळे मासे जन्मतः नर असतात. जोडीतला मोठा आणि वरचढ मासा मादी होतो, आणि ती गेली तर तिचा नर पुढे मादी होतो. ह्यांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हणजे तिथंही तुमचंच राज्य."

आता प्रवाळाबद्दल. त्याशिवाय चित्र पुरं होत नाही, असं कुणालाही वाटेल. परदेशातल्या फोटोंत रंगीबेरंगी प्रवाळांनी भरलेल्या टाक्या असतात. मुंबईच्या एका दुकानदारानं माझ्या मुलाला हळूच सांगितलं, "पाहिजे तर जिवंत तुकडा मिळेल, कुणाला कळणार आहे?" मुलाचा जीव आजीत. तो तयार झाला. म्हणाला, "आई, आजीला मालवणचा खडक दिसेल. तिचे दिवस किती राहिलेत?" या प्रश्नावर मी रात्रभर जागी होते.

कायद्याचं म्हणाल तर दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे. म्हणजे वाघाच्या पंगतीत! जिवंत असो की मेलेलं, ते बाळगणं गुन्हा आहे, आणि शिक्षा तीन ते सात वर्षांची कैद. पण मला अडवलं ते केवळ कायद्यानं नाही. सासूबाईंनाच विचारलं. त्या थोडा वेळ टाकीकडे बघत राहिल्या आणि इतक्या वर्षांत घाटावर कमी झालेली मालवणी बोलल्या, "तां थंयच ऱ्हवांदे गो." तिथंच राहू दे. मग म्हणाल्या, "मला इथं आणलंत ते मी चालत आले. त्याला पाय नाहीत."

मुलगा गप्प झाला. मीही.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्याखाली प्रवाळ आहे, आणि १९८७ पासून तो भाग सागरी अभयारण्य आहे. प्रवाळ म्हणजे लाखो बारक्या जिवांची वाडी. त्यांच्या अंगात राहणारं सूक्ष्म शेवाळ त्यांना अन्न पुरवतं आणि रंग देतं. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखादा अंश जास्त तापून तसंच राहिलं, की ते शेवाळ निघून जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की जगभर असं विरंजन चौथ्यांदा सुरू झालं आहे. एवढ्या नाजूक जिवातला तुकडा तोडून आमच्या खिडकीत आणायचा? आमच्या टाकीत सच्छिद्र सिरॅमिकचे दगड आहेत. त्यांवर आता जांभळट शेवाळाची पुटं चढली आहेत, आणि तेही सुंदर दिसतं.

पावसाळ्याचं मात्र सांगायलाच हवं. आमच्याकडे पाऊस घाटमाथ्याचा, वीज गेली की कधी येईल सांगता येत नाही. पंप बंद पडला तर प्राणवायू घटतो आणि काही तासांत सगळं संपू शकतं. बॅटरीवरचा हवेचा पंप आधीच घेऊन ठेवा. गेल्या जुलैत वीज अकरा तास नव्हती. बॅटरी संपल्यावर मी प्लॅस्टिकच्या मगानं पाणी उचलून उंचावरून ओतत होते, त्यानंही हवा मिसळते. पहाटे माझे हात भरून आले तेव्हा सासूबाईंनी खुर्ची जवळ ओढायला सांगितली आणि मग स्वतःच्या हातात घेतला. ह्यांनी कंदील धरला. सकाळी सहाला वीज आली. दोन्ही मासे आणि कोळंबी ठीक होती. त्यानंतर मासे खायचे असतात, हे वाक्य आमच्या घरात कुणी बोललेलं नाही.

कुणाला मनापासून हौस असेल तर आधी रत्नागिरीच्या झाडगावातलं, कोकण कृषी विद्यापीठाचं मत्स्यालय बघून या. मग वही घाला. रोज पाण्याचं तापमान आणि खारेपणा लिहायचा. पंचवीस-सव्वीस अंश चांगलं, आमच्या थंडीत हीटर लागतो. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचं. खाणं दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. मासे दोनच ठेवा, जास्तीचा मोह टाळा. आणि पैसे मोजण्याआधी एक विचारून बघा: रिकाम्या पाण्याकडे पाच आठवडे बघत बसायची घरातल्यांची तयारी आहे का? असेल, तर पुढचं सगळं जमतं.