आधी चिंधीवर



तुमच्यापैकी कुणाच्या घरी शिलाई मशीन असेल, तर ही गोष्ट तुम्ही नक्की पाहिली असेल. माझी अम्मी ईदच्या आधी मोहल्ल्यातल्या बायकांचे कपडे शिवून द्यायची. नवे कापड मशीनखाली घेण्यापूर्वी ती त्याच कापडाची एक कतरन घ्यायची. तिच्यावर वीतभर शिलाई मारायची, उलटून पाहायची, दोऱ्याचा ताण कमीजास्त करायची आणि पुन्हा शिलाई मारायची. लहानपणी मला वाटे, अम्मी उगाच वेळ घालवते. कतरनीला मराठीत चिंधी म्हणतात. अम्मीच्या त्या चिंधीची आठवण मला फार उशिरा झाली, आणि तीसुद्धा उमापूरच्या आमच्या शाळेत, विज्ञानाच्या खोलीत.

त्या वर्षी विज्ञान प्रदर्शनासाठी प्रकाशावरून आवाज पाठवण्याचा प्रयोग करायचे आम्ही ठरवले होते. कल्पना काही आमची नव्हती. १९६२ साली अमेरिकेत रॉबर्ट हॉल या शास्त्रज्ञाने पहिला अर्धवाहक लेसर बनवला. तो चालवायला द्रवरूप नायट्रोजनची कडाक्याची थंडी लागे. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १९६० च्याच दशकात, मुंबईत ट्रॉम्बे येथील आपल्या अणुशास्त्रज्ञांनी तसा लेसर भारतात तयार केला आणि त्याच्या प्रकाशावरून टाटा मूलभूत संशोधन संस्थेपर्यंत आवाज पोहोचवला. आम्हांला मात्र शाळेच्या एका व्हरांड्यातून समोरच्या व्हरांड्यात पोहोचले तरी पुरे होते.

आता तसा लेसर तांदळाच्या दाण्याएवढ्या डबीत मिळतो. त्याला लेसर डायोड म्हणतात. तो मोठा नाजूक असतो. साध्या एलईडीला थोडी जास्त विद्युतधारा मिळाली, तर तो ती काही वेळ सहन करतो. (तुमच्या उर्दू पुस्तकात विद्युतधारेला ‘बर्की रौ’ म्हटले आहे.) लेसर डायोडचे तसे नाही. एका ठरावीक धारेपर्यंत तो मिणमिणतो. ती पातळी ओलांडली की प्रकाश झपाट्याने वाढतो. त्याहून आणखी थोडे पुढे गेलात, तर त्याच्या टोकावरचा सूक्ष्म आरसा स्वतःच्याच प्रकाशाने जळतो. त्याला सेकंदाचा दहा लाखावा भागसुद्धा पुरतो. म्हणून त्याला थेट बॅटरी जोडत नाहीत. मध्ये धारा बांधून ठेवणारे मंडल लागते. त्याला ड्रायव्हर म्हणतात.

आमचा ड्रायव्हर एलएम ३१७ नावाच्या चिपवर बांधला होता. त्याचे गणित तुम्हांलाही जमेल. १.२५ व्होल्टला रोधाने भागा, म्हणजे धारा मिळते. ३९ ओहमचा रोध लावला की सुमारे ३२ मिलिअँपिअर. आमच्या डायोडला एवढी धारा चालणार होती. मी हिशेब फळ्यावर दोनदा तपासला. मुलांनी वर्गणी काढून बीडहून डायोड आणवला होता. त्यांतल्या काहींचे आईवडील ऊसतोडीला गेलेले होते, त्यामुळे एकेका रुपयाची किंमत मला ठाऊक होती. मी ड्रायव्हर चालू केला, मग ऐटीत डायोडच्या तारा जोडल्या.

लाल प्रकाश क्षणभर चमकला आणि मंदावला.

गणित बरोबर होते. चूक माझ्या क्रमात होती. ड्रायव्हरला पुढे काहीच जोडलेले नसले की धारेला वाट मिळत नाही. मग तो जोर लावत राहतो आणि बाहेरच्या टोकाचा कपॅसिटर जवळजवळ पूर्ण व्होल्टेजपर्यंत भरतो. आमचा सात-आठ व्होल्टपर्यंत भरला होता. डायोडला हवे होते दोन-सव्वादोन व्होल्ट. तारा जोडताच कपॅसिटर एका दमात डायोडमध्ये रिकामा झाला. बंधाऱ्याचा दरवाजा एकदम उघडावा तसे झाले.

पण मला रात्री झोप आली नाही ती डायोडमुळे नव्हे. प्रकाश मंदावल्यावर आठवीतला एक मुलगा पुढे झाला. “सर, जळाला का बघू,” म्हणत त्याने एक डोळा मिटला आणि दुसरा डायोडसमोर नेला. मी त्याचा खांदा धरून त्याला मागे ओढले. डायोड खरोखर मेला आहे, की तार सैल झाली आहे, हे मला त्या क्षणी माहीत नव्हते. पाच मिलिवॅट ऐकायला किरकोळ वाटते. पण डोळ्यातले भिंग तो सगळा प्रकाश एका ठिपक्यावर गोळा करते. पापणी मिटायला पाव सेकंद लागतो, आणि तोही नेहमी पुरेसा नसतो. त्या मुलाला मी काय सांगणार होतो? चूक तर माझीच होती. त्याला इशारा द्यायला मी विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही चिंधी तयार केली. साधे रेक्टिफायर डायोड प्रत्येकी सुमारे ०.७ व्होल्ट घेतात. तीन एकापाठोपाठ जोडले की लेसर डायोडच्या जवळपास मागणी होते. त्यांच्या मागे एक ओहमचा रोध लावला. या रोधावर मल्टिमीटरने जितके मिलिव्होल्ट दिसतील, तितकेच मिलिअँपिअर समजायचे. ड्रायव्हरला वाटते लेसरच जोडला आहे. प्रकाश मात्र मुळीच पडत नाही, म्हणून सगळा वर्ग डोकी घालून बघू शकतो. शिवाय जळालेच, तर काही रुपयांचे जळते.

३९ ओहमच्या जोडीला आम्ही एक फिरता रोध लावला. दुकानदार त्याला प्रीसेट म्हणतात. तो चुकून शून्यावर गेला, तरी ३९ ओहम उरतातच. हे सुचवले वर्गातल्या एका मुलीने. आधी चिंधी जोडली, मग ड्रायव्हर चालू केला. तिने स्क्रू फिरवला आणि आकडा २५ वर आणला. ३२ पर्यंत जायची गरज नव्हती, कारण आवाजाबरोबर धारा वरखाली होणार होती. दहा मिनिटे आकडा हलला नाही. मग ड्रायव्हर बंद केला, कपॅसिटरची दोन्ही टोके जोडून तो रिकामा केला आणि चिंधी काढली. नवा डायोड मात्र मी माझ्या पैशांनी आणला होता. तो जोडताना त्याचे तोंड भिंतीकडे वळवले, सर्व मुलांना मागे उभे केले आणि मगच बटण दाबले.

समोरच्या व्हरांड्यात खांद्याच्या उंचीच्या खाली एक छोटा सौरघट ठेवला होता. त्याला स्पीकर जोडलेला होता. काय बोलावे ते मुलीला सुचेना. शेवटी तिने टेबलावरचे हजेरीपुस्तक उचलले आणि आठवीची हजेरी घ्यायला सुरुवात केली. पलीकडे खरखर झाली, मग एकेक नाव स्पष्ट ऐकू येऊ लागले. डोळा लावणाऱ्या त्या मुलाचे नाव आले, तेव्हा तो स्पीकरपाशी उभा राहून मोठ्याने म्हणाला, “हाजिर!”