मोळी आणि ट्रक

लाकूड थेट पेट घेत नाही. आधी ते तापतं, त्यातलं पाणी वाफ होऊन जातं, आणि साधारण दोनशे अंशांच्या पुढे त्यातून वायू सुटू लागतात. सुक्या लाकडाचं जवळजवळ पाऊण वजन या वायूंच्या रूपानं बाहेर पडतं. आपण ज्वाळा म्हणतो ती या वायूंची. मागे उरतो तो निखारा. वायूंना पुरेशी उष्णता, पुरेशी हवा आणि जळायला पुरेसा अवधी मिळाला तर धूर जवळजवळ होतच नाही. चुलीत या तिन्हींपैकी काहीतरी कमी पडतं. भांड्याचं थंड बूड ज्वाळेला लागतं, ज्वाळा तिथेच मरते, आणि अर्धवट जळलेल्या वायूंची काजळी होते. जाड काजळी भांड्याला बसलेली दिसते. बारीक दिसत नाही; ती श्वासाबरोबर छातीत उतरते.

मी ज्वलनाचं शास्त्र शिकले ते कारखान्यांच्या बॉयलरसाठी. पुढे चुलींकडे वळले आणि माझं बहुतेक काम रायगड-रत्नागिरीच्या गावांत झालं. या दोन्ही जगांत वावरल्यामुळे एक गोष्ट मला फार जाचते. सरपणाच्या धुराबद्दल, जंगलतोडीबद्दल बोलणं निघालं की बोट दाखवलं जातं ते डोक्यावर मोळी घेतलेल्या बाईकडे. तिच्याच रस्त्यानं ओंडक्यांनी भरलेला ट्रक जातो, त्याच्याकडे कोणी पाहत नाही. उलट, त्या ट्रकमधलं लाकूड ज्या बॉयलरमध्ये जातं तो बॉयलर ‘हरित’ ठरतो.

आधी मोळीबद्दल. होळी झाली की कोकणात जळणाचा हंगाम लागतो. आगोटीच्या बेगमीत तांदूळ, मीठ, सुकी मासळी यांच्या जोडीला जळणही आलं. मृगाआधी पडवीत, माळ्यावर, गोठ्याच्या कडेला ते रचून झालं पाहिजे, नाहीतर चार महिने ओल्या फाट्याशी फुंकणीनं झगडायचं. हे काम जवळजवळ सगळं बायकांचं. उन्हं चढायच्या आत रानात जायचं, वाळलेल्या फांद्या मोडायच्या, वेलानं बांधायच्या, चुंबळ ठेवून डोक्यावर घ्यायच्या आणि उतारावरून खाली यायचं. मानेचे मणके झिजतात, गुडघे जातात, पडून हात मोडतो. दवाखान्याच्या कागदावर यातलं कशाचंही कारण ‘सरपण’ असं लिहिलं जात नाही. मग लोक म्हणतात, सरपण फुकट असतं.

ही मोळी नीट उलगडून पाहावी. तिच्यात तुरकाट्या असतात, वाळकी फांदी असते, आंब्या-काजूच्या बागेतली छाटणी असते, नारळाच्या झावळ्या असतात. उभं झाड तोडायला कुऱ्हाड, ताकद आणि चार माणसं लागतात. एकट्या बाईला ते परवडत नाही आणि तिला त्याची गरजही नसते. १९७५ मध्ये एरिक एकहोम या अमेरिकी लेखकानं सरपणाच्या टंचाईला ‘दुसरं ऊर्जासंकट’ म्हटलं, आणि गरिबांच्या चुली जगाची जंगलं खाऊन टाकणार अशी भीती सगळीकडे पसरली. तेरा वर्षांनी जेराल्ड लीच आणि रॉबिन मर्न्स यांनी आफ्रिकेतला अनुभव तपासून दाखवून दिलं, की जंगल जातं ते प्रामुख्यानं शेतीसाठी आणि इमारतीसाठी. घरगुती सरपण बरंचसं त्या तोडीतून उरलेलं आणि शेताच्या बांधावरचं असतं. काही डोंगराळ, दाट वस्तीच्या भागांत चुलींचा ताण खरोखरच जंगलाला सोसत नाही, हेही पुढच्या अभ्यासांत आलं. २०१५ मधल्या एका जागतिक अंदाजानुसार उष्ण कटिबंधात तोडल्या जाणाऱ्या जळाऊ लाकडापैकी २७ ते ३४ टक्के लाकूड पुन्हा भरून न येणारं आहे. म्हणजे दोन तृतीयांश भरून येतं. इतका साधा हिशेब असताना दोष मात्र सरसकट चुलीवर येतो.

चुलीचा खरा आणि मोठा गुन्हा घराच्या आत घडतो. कर्क स्मिथ या शास्त्रज्ञानं ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातमधल्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर मापक यंत्रं बांधून त्यांच्या श्वासात किती धूर जातो ते मोजलं. त्याआधी ‘प्रदूषण’ म्हणजे कारखान्याचं धुराडं आणि शहरातली मोटार, असाच समज होता. त्यानं मोजलेले आकडे कुठल्याही शहरापेक्षा वाईट निघाले. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी यांनी सहसंशोधक पीटर बार्न्स यांच्याबरोबर २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं, की जगात धूम्रपान करणारे सुमारे शंभर कोटी, तर लाकूड-शेणीच्या धुरात जगणारे सुमारे तीनशे कोटी, तेव्हा दम्यासारख्या दिसणाऱ्या, पण कायमच्या जडणाऱ्या सीओपीडी या आजाराचं जगातलं सर्वांत मोठं कारण कदाचित हा धूरच असेल. जन्मात विडी न ओढलेली बाई पन्नाशीत जिना चढताना धापा टाकते, ती यामुळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये घरातल्या धुरानं जगभरात ३२ लाख माणसं गेली, त्यांत दोन लाखांहून अधिक पाच वर्षांखालची मुलं होती.

सुधारित चुलींचा प्रयत्न आपण मोठ्या प्रमाणावर केला. १९८३ नंतर केंद्र सरकारच्या कार्यक्रमातून साडेतीन कोटींच्या आसपास चुली बसवल्या गेल्या. २००२ मध्ये तो कार्यक्रम केंद्रानं थांबवला. प्रयोगशाळेत या चुली चांगल्या चालत. गावात धुराडं काजळीनं तुंबे, माती तडके, मोठं भांडं वैलावर बसत नसे. ओडिशात अर्थशास्त्रज्ञांच्या एका गटानं काही वर्षं पाठपुरावा करून २०१६ मध्ये निष्कर्ष छापला: पहिल्या वर्षी धूर कमी झाला, पुढे देखभालीअभावी फरक उरला नाही. माझ्या मते दोष बायकांकडे जात नाही. तडकलेली चूल दुरुस्त करायला गावात कोणी नसेल आणि त्या दुरुस्तीचे पैसे कोणी देणार नसेल, तर ती तडकलेलीच राहणार.

गॅस हा चुलीपेक्षा निःसंशय चांगला. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली आणि सिलिंडर वाडीवस्तीपर्यंत पोचला, हे मोठं काम आहे. पण उज्ज्वलाच्या घरात वर्षाला सरासरी चारच्या आसपास सिलिंडर भरले जातात. चार सिलिंडरमध्ये पाच माणसांचा वर्षाचा स्वयंपाक होत नाही. चहा, भाजी गॅसवर. भाकरी, भात आणि आंघोळीचं पाणी चुलीवर. बंब किंवा न्हाणीघराबाहेरची चूल रोज पहाटे पेटतेच. महाराष्ट्रात २०२४ मध्ये अन्नपूर्णा योजनेतून वर्षाला तीन सिलिंडर मोफत देण्याचं ठरलं. त्याचा उपयोग आहे. पण हाती रोख नसताना भरलेल्या टाकीचा दर दिसला की पाय आपोआप रानाकडे वळतात.

आता ट्रककडे येऊ. आपल्याकडे लाकूड विकत घेऊन जाळणारं मोठं गिऱ्हाईक स्वयंपाकघराबाहेर आहे: वीटभट्ट्या, चुनाभट्ट्या, कापड, औषधं आणि खाद्यप्रक्रियेच्या कारखान्यांतले वाफेचे बॉयलर, ढाब्यांचे तंदूर, शहरांतल्या बेकऱ्या. कोळसा आणि फर्नेस ऑइल महागलं, त्यांच्यावर निर्बंध आले, की हे सगळे लाकडाकडे वळतात. लाकडाचा भुसा, शेंगांची टरफलं, उसाचा चोथा दाबून केलेल्या कांड्यांना बाजारात ‘पांढरा कोळसा’ म्हणतात. शेतातल्या टाकाऊ मालाचं हे रूप मला मनापासून आवडतं. पुण्याच्या आरती संस्थेनं उसाच्या पाचटापासून कोळसा करून दाखवला आणि २००२ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता. पण टरफलं हंगामापुरती मिळतात, कारखाना वर्षभर चालतो. यंत्राला भूक लागली की उभ्या झाडाचाही भुसा होतो, आणि कांडी एकदा दाबली की ती शेंगेची की किंजळाची हे डोळ्यांना कळत नाही.

कोकणात ही तोड सोपी जाते, कारण रत्नागिरी जिल्ह्यातलं बहुतेक सगळं जंगल खासगी मालकीचं आहे. सातबारावर वीस-पंचवीस नावं, त्यांतली निम्मी मुंबईला. डोंगरातल्या हिश्श्यातून कोणालाच काही मिळत नाही, आणि एके दिवशी व्यापारी येऊन उभ्या जंगलाचे ठोक पैसे सांगतो. मुलीचं लग्न, घराचं छप्पर, आजारपण. होकार यायला वेळ लागत नाही. मालकाला दूषण द्यायला माझी जीभ वळत नाही. जंगल राखल्याबद्दल त्याला सहसा कोणी एक रुपया देत नाही. १९६४ च्या महाराष्ट्र झाडतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आंबा, फणस, जांभूळ, खैर, ऐन, किंजळ अशी झाडं आहेत. त्यांना हात लावायला परवानगी लागते. अनुसूचीबाहेरच्या झाडांच्या ट्रकमध्ये अनुसूचीतला ओंडका मिसळून जाणं अवघड नसतं.

ऐन-किंजळ तोडले तरी बुंध्यातून पुन्हा फुटतात, हे तोडीच्या बाजूनं नेहमी सांगितलं जातं. खरंच फुटतात. राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजण्यासाठी, डहाळ्यांची कवळ तोडणाऱ्या शेतकऱ्यांनी तर या फुटव्यावरच पिढ्यान्‌पिढ्या शेती केली. पण फुटव्याला पंधरा-वीस वर्षं शांतपणे द्यावी लागतात. आता मनगटाएवढी जाडी झाली की ट्रक परत येतो. दोन-तीनदा असं झालं, मधल्या काळात वणवा लागला, की बुंधा दमतो, करवंद आणि रानमोडी माजते, पावसात उताराची माती ओढ्यात जाते आणि फेब्रुवारीतच झरा आटतो. त्या झऱ्यावर पाणी भरणारी बाई तीच, जी जळणालाही जाते.

या साखळीत सर्वांत खाली कातकरी आदिवासी आहेत. दिवाळी झाली की कितीतरी कातकरी वाड्या ओस पडतात. माणसं मुलाबाळांसकट कोळसाभट्टीवर आणि वीटभट्टीवर निघून जातात. पावसाळ्यात हातात काम नसताना घेतलेली उचल अंगावर असते, ती फेडायला. कोळसा पाडण्याचं काम जीवघेणं आहे. लाकूड रचायचं, पाल्यानं आणि मातीनं लिंपायचं, आत आग कोंडायची आणि रात्रंदिवस पहारा करायचा. भेग पडली आणि हवा शिरली तर सगळ्याची राख. मातीच्या भट्टीत पाच-सहा किलो लाकडाला एक किलो कोळसा मिळतो. बाकीचं धूर आणि वायू होऊन त्याच माणसांच्या भोवती फिरतं. हंगाम संपताना मुकादम हिशेब करतो आणि उचल पुरती फिटलेली नसते. १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा आहे, आणि कातकऱ्यांना वेठीतून सोडवण्यासाठी श्रमजीवी संघटनेसारख्या संघटना तो वर्षानुवर्षं वापरत आल्या आहेत. पण शहरात सिगडीवरचा कबाब खाणाऱ्याला त्यामागची उचल ठाऊक नसते.

मुंबईतही लाकूड जळतं, आणखी वाईट रूपात. पावाच्या कितीतरी भट्ट्या जुन्या फर्निचरच्या भंगारावर चालतात. त्या फळ्यांना रंग असतो, प्लायवुडमध्ये फॉर्माल्डिहाइडचा गोंद असतो. भट्टीतून त्यांचाच धूर गल्लीत येतो. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं लाकूड-कोळशावरच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. बेकरीवाल्यांची खर्चाची तक्रार मला रास्त वाटते; मदत न देता नुसती मुदत दिली तर लहान भट्ट्या बंद पडतील.

सर्वांत मोठा घोळ मात्र हवामानाच्या हिशेबात आहे. एक गिगाज्यूल उष्णता, म्हणजे सुमारे दीड सिलिंडरमध्ये असते तेवढी, एलपीजीतून मिळवली तर साधारण ६३ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो, दगडी कोळशातून ९५, लाकडातून ११२. चिमणीपाशी लाकूड कोळशाहून वाईट आहे. तरी कागदावर शून्य लिहिलं जातं, कारण आंतरराष्ट्रीय नियमानुसार लाकडातला कार्बन झाड तोडलं तिथे, जमिनीच्या खात्यात मोजायचा; दोनदा मोजणी नको म्हणून चिमणीपाशी सोडून द्यायचा. हिशेबाच्या सोयीसाठीचं हे शून्य धोरणकर्त्यांनी ‘निर्दोष’ असं वाचलं. ब्रिटनमधलं ड्रॅक्स वीजकेंद्र त्याचं ठळक उदाहरण. २०१३ पासून कोळशाचे संच लाकडाच्या गोळ्यांवर चालवून ते वर्षाला साठ-सत्तर लाख टन गोळ्या जाळतं. गोळ्या येतात अमेरिकेच्या दक्षिण भागातून आणि कॅनडातून, अनुदान येतं ब्रिटिश ग्राहकाच्या बिलातून. मिसिसिपीतल्या ग्लॉस्टर या बहुसंख्य कृष्णवर्णीय वस्तीच्या गावात ड्रॅक्सचा गोळ्यांचा कारखाना मर्यादेपेक्षा जास्त प्रदूषक वायू सोडत होता, म्हणून त्याला २५ लाख डॉलरचा दंड झाला. टिमथी सर्चिंजर आणि सहकाऱ्यांनी हिशेबातली ही चूक २००९ मध्येच ‘सायन्स’मध्ये दाखवली होती. नवं झाड वाढून तो कार्बन परत घेईल, हे खरं. पण त्याला कित्येक दशकं लागतात, आणि वातावरणाला थांबायला सवड नाही.

याच बाजारात चुलीही आल्या. सुधारित चूल वाटायची, वाचलेल्या लाकडाचे कार्बन क्रेडिट विकायचे. २०२४ मध्ये बर्कलेच्या संशोधकांनी असे प्रकल्प तपासले तेव्हा प्रत्यक्ष बचतीच्या सुमारे नऊपट क्रेडिट दिलेले आढळले. चूल पडवीत पडून असते आणि तिच्या नावावर कुठलीतरी कंपनी आपला धूर पुसते.

माझं मागणं फार अवघड नाही. आंघोळीच्या पाण्यासाठी गावोगाव सौर तापक द्या. जळणाचा मोठा वाटा तिथेच वाचतो. उज्ज्वलाच्या घराला लहान, पाच किलोची टाकी वाडीतच मिळू द्या, म्हणजे एकदम मोठ्या रकमेची जुळणी करावी लागणार नाही. ज्या चुली राहणार आहेत त्यांच्यासाठी गावातल्या गवंड्याला दुरुस्ती शिकवा आणि वर्षातून एकदा धुराडं साफ करण्याची मजुरी ग्रामपंचायतीतून द्या. जंगल राखणाऱ्या खासगी मालकाला, सातबारावरच्या प्रत्येक हिस्सेदाराला, व्यापाऱ्याच्या ठोक रकमेशी टक्कर देईल इतका वार्षिक मोबदला द्या. आणि लाकडावर चालणाऱ्या प्रत्येक बॉयलरच्या फाटकावर नोंदवही ठेवा: कोणत्या गटातून आलं, कोणतं झाड, घेर किती, ओल किती. ओल मोजायचं यंत्र हातात मावतं आणि दोन-चार हजारांत मिळतं. कापलेल्या ओंडक्यात त्याची सुई टोचली की लाकूड ओलं, नुकतं तोडलेलं आहे की सुकं, हे फाटकावरचा पहारेकरीसुद्धा सांगू शकेल.