तलवारीवाचून नायिका

‘इसेकाई’ म्हणजे दुसरे जग. जपानी चित्रकथांमधील, अर्थात मांगांमधील, हा अत्यंत लोकप्रिय प्रकार. येथे मृत्यू पावलेला माणूस एखाद्या अद्भुत जगात जन्म घेतो, बहुधा त्याला अफाट सामर्थ्य लाभते आणि तो शत्रूंचा संहार करतो. या वसतिगृहातून शिकून बाहेर पडलेल्या आम्हा काही जणांना मात्र या प्रकारातील एका दुबळ्या मुलीने जिंकून घेतले. तिचे नाव माईन.

मिया काझुकी यांची ही कथा २०१३ पासून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली; पुढे सुझुका यांनी तिला चित्ररूप दिले. पुस्तकवेडी मोतोसु उरानो भूकंपात पुस्तकांखाली दबून मरते आणि एका गरीब शिपायाची पाच वर्षांची आजारी लेक म्हणून जागी होते. चार पावले चालताच तिला ताप भरतो. घरात एकही पुस्तक नाही, कारण त्या राज्यात पुस्तक ही केवळ उमरावांच्या ऐपतीची वस्तू! तेव्हा ती ठरवते, पुस्तक मिळत नसेल तर आपणच घडवावे. गवताचे धागे विणून पाहते, ते जमत नाही. मातीच्या पाट्या भाजताना फुटतात. लाकडाच्या पट्ट्या आई सरपण समजून चुलीत घालते. त्या आईचा आम्हांस राग येत नाही. अक्षर कधी भेटलेच नाही, तिने ते ओळखावे कसे? आमच्यापैकी अनेकांच्या घरी पाठ्यपुस्तकाखेरीज दुसरे पुस्तक नव्हते. म्हणून हा प्रसंग आम्हांस परका वाटला नाही.

माईन आदर्श मुळीच नाही. ती हट्टी आहे, आरंभी तिला पुस्तक हवे असते ते केवळ स्वतःसाठी. परंतु पुस्तक एकट्याने घडत नाही. लुत्झ हा सवंगडी झाडाच्या सालीपासून कागद करण्यास हातभार लावतो, व्यापारी भांडवल पुरवतो. पुढे मंदिराच्या अनाथालयातील उपाशी मुलांना ती अन्न, काम आणि अक्षरे देते. खेळाच्या पत्त्यांवरून ती मुले वाचू लागतात. स्वतःची भूक अशी सर्वांची होते.

मूळ शीर्षकात ‘गेकोकुजो’ हा जुना जपानी शब्द आहे. खालच्यांनी वरच्यांवर मात करणे, असा त्याचा अर्थ. येथे ती मात शाईने होते. पुस्तकांसाठी ‘राजगृह’ उभारणाऱ्या बाबासाहेबांच्या लेकरांना हा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

मात्र शिकून शहरांत स्थिरावलेल्या आम्हा सर्वांपुढे ही कथा एक प्रश्न ठेवते: आपल्या कपाटातील पुस्तके कोणासाठी? आमचे उत्तर आम्ही ठरविले आहे. येत्या सुट्टीपासून प्रत्येकाने वाचून झालेली पुस्तके आपल्या वस्तीतील मुलांपर्यंत न्यावीत आणि आठवड्यातून एक तास त्यांच्यासोबत वाचत बसावे. माजी विद्यार्थी बंधु-भगिनींनी व पालकांनी या कामी आमच्यासोबत यावे, ही नम्र विनंती.